बेकेलाइटचा जनक

बुलढाणा जिल्ह्यातील डोणगाव असो, वा मुंबईसारखे महानगर असो, घरोघरी आई तापलेला कुकर खाली उतरविते, तेव्हा त्याची काळी मूठ तिच्या हाताला भाजत नाही. ही मूठ बहुधा बेकेलाइटची असते. या पदार्थाचा शोध लावणाऱ्या लिओ बेकलंड यांचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

बेकलंड यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1863 रोजी बेल्जियममधील गेंट या शहरी झाला. वडील चांभारकाम करीत आणि आई लोकांच्या घरी कामाला जाई. घरी दारिद्र्य होते. परंतु मुलाने शिकावे, अशी आईची उत्कट इच्छा होती. शिष्यवृत्ती मिळवून लिओ विद्यापीठात गेले आणि अवघ्या एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्राचे डॉक्टर झाले.

1889 साली ते अमेरिकेस गेले व तेथेच स्थायिक झाले. तेथे प्रारंभी त्यांनी एकाच वेळी अनेक कामे हाती घेतली. कोणतेच तडीस जाईना. कर्ज वाढले आणि त्यातच त्यांना गंभीर दुखणे आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना आपली चूक उमगली. बरे होताच त्यांनी एकाच कामावर लक्ष केंद्रित केले आणि दिव्याच्या प्रकाशात छायाचित्र छापता येईल असा कागद तयार केला. 1899 साली त्या शोधाचे हक्क विकून त्यांना विपुल धन मिळाले. आता स्वस्थ बसणे त्यांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी घराजवळच प्रयोगशाळा थाटली.

त्या काळी विजेच्या उपकरणांसाठी लाखेला मोठी मागणी होती, कारण लाखेतून वीज वाहत नाही. आपल्याकडील पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारे इवलेसे किडे ही लाख निर्माण करतात. हिंदुस्थानातून ती परदेशी जात असे. परंतु किड्यांच्या कामाला मर्यादा होती आणि मागणी तर वाढतच होती. लाखेची जागा घेणारा पदार्थ प्रयोगशाळेत करावा, असे बेकलंड यांनी ठरविले.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायने एकत्र तापविली, की चिवट राळ तयार होते, हे 1872 पासून ठाऊक होते. परंतु ती भांड्याला घट्ट चिकटून बसे, म्हणून पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी तिचा नाद सोडून दिला होता. बेकलंड यांनी तिच्यापासून प्रथम लाखेसारखे रोगण केले. पण बाजारात ते चालले नाही. तरीही ते खचले नाहीत. मिश्रण तापविताना त्यातून वाफ सुटे व पदार्थ फसफसून सच्छिद्र होई. तेव्हा त्यांनी एका भक्कम बंद पात्रात उष्णतेबरोबर दाबही दिला. 1907 साली त्यांच्या हाती कठीण, गुळगुळीत पदार्थ आला. पूर्णपणे कृत्रिम असे हे पहिले प्लॅस्टिक होय.

या पदार्थाचे रहस्य त्याच्या रेणूंच्या जोडणीत आहे. काही प्लॅस्टिकांचे लांबच लांब रेणू सुतळीच्या धाग्यांप्रमाणे शेजारी शेजारी पडलेले असतात. उष्णता मिळताच ते एकमेकांवरून सरकतात व प्लॅस्टिक मऊ होते. बेकेलाइटचे रेणू मात्र जाळ्याप्रमाणे ठिकठिकाणी गाठी मारून बांधलेले असतात. म्हणून एकदा साच्यात घट्ट झालेले बेकेलाइट पुन्हा वितळत नाही. विजेची बटणे, दूरध्वनी, रेडिओच्या पेट्या अशा कितीतरी वस्तू त्यापासून होऊ लागल्या.

23 फेब्रुवारी 1944 रोजी बेकलंड निवर्तले. त्यांच्यामागून प्लॅस्टिकचे नाना प्रकार निघाले. त्यांपैकी बहुतेक मातीत कुजत नाहीत; म्हणून त्यांचा कचरा आज सर्व जगाला भेडसावत आहे. ज्या चिकाटीने बेकलंड यांनी एक उणीव भरून काढली, त्याच चिकाटीने हे नवे संकट दूर करणे, हे पुढच्या पिढीचे काम आहे.