बाबूराव पेंटर

दुकानाची पाटी रंगविणारा कोपऱ्यात आपले नाव लिहून पुढे ‘पेंटर’ जोडीत असे. नांदेड-लातूरकडच्या जुन्या पाट्यांवर हे मी पाहिले आहे. हाच शब्द ज्यांनी आडनावासारखा मिरविला, त्या बाबूरावांचे चरित्र म्हणूनच मला जवळचे वाटते.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव मूळचे मेस्त्री. कलाशाळेची पायरी न चढता ते चित्रकला शिकले आणि नाटकांचे पडदे रंगवू लागले. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी अशी चित्रमय भित्तिपत्रके त्यांनी आपल्या चित्रपटांसाठी काढली. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे भित्तिपत्रक टिकून आहे, भारतीय चित्रपटांच्या उपलब्ध सचित्र भित्तिपत्रकांत ते सर्वांत जुने मानले जाते. १६ जानेवारी १९५४ रोजी ते निवर्तले.

आज आपल्या चौकांत फ्लेक्स लागतात. त्यांवर पुढाऱ्यांची नावे असतात, ते करणाऱ्याचे नसते. मित्रहो, पोटासाठी हाती धरलेला कुंचलाही नावाला शोभा देतो, हे बाबूरावांनी दाखविले. तो अभिमान आपण गमावता कामा नये.