वनस्पतींचा वारसा जपणारे डॉ. आघारकर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या माणसाच्या कार्याचे फळ शेतकऱ्याच्या शेतापर्यंत पोहोचले, पण नाव पोहोचले नाही, तो माणूस आपल्यापैकी कोणालाच परका असू नये. ते नाव म्हणजे डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले व पुढे तेथेच शिकवू लागले. सह्याद्रीत हिंडून वनस्पती आणि प्राणी गोळा करण्याचा त्यांना नाद होता. अशाच भटकंतीत सातारा जिल्ह्यातील नद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांना एक जेलीफिश सापडला. छत्रीच्या आकाराचा हा पारदर्शक प्राणी बहुधा समुद्रात आढळतो. गोड्या पाण्यात आढळणारा हा विशिष्ट वंश तोपर्यंत फक्त आफ्रिकेतच ठाऊक होता. मग तो सह्याद्रीत आला कसा? सजीव मूळचे कुठले आणि पसरतात कसे, हाच प्रश्न पुढे त्यांच्या संशोधनाचा विषय झाला.

१९१४ साली कलकत्ता विद्यापीठाने रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक केली आणि उच्च शिक्षणासाठी त्यांना जर्मनीला पाठवले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. हिंदुस्थान ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे जर्मनीच्या दृष्टीने आघारकर शत्रूचे प्रजाजन ठरले आणि त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. परका देश, परकी भाषा, घरचा मार्ग बंद! एखादा खचून गेला असता. आघारकरांनी सुटका झाल्यावर बर्लिन गाठले आणि अडॉल्फ एंग्लर या जगप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली अभ्यास सुरू केला. वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या आणि खारट जमिनीतील वनस्पती कोठून आल्या व कशा पसरल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. दर्यापूर-आकोटकडच्या खारपाणपट्ट्यातील आपल्या मित्रांना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९१९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली.

वायव्य हिंदुस्थानातील झाडांचा अभ्यास बर्लिनमध्ये बसून कसा होतो, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर हर्बेरियममध्ये आहे. वनस्पती कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली चिठ्ठी लावायची : नाव काय, कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी आणली. कीड आणि ओल यांपासून जपली, तर ती शेकडो वर्षे टिकते. मग कोणत्याही काळातला अभ्यासक ती पाहून आधीच्या माणसाचे म्हणणे पडताळू शकतो. पण हे धन नाशवंतही आहे. बर्लिनचा हर्बेरियम १९४३ साली दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात बहुतांश जळून गेला.

१९२० पासून १९४६ पर्यंत आघारकरांनी कलकत्त्यास अध्यापन केले. निवृत्तीनंतर माणसे विसावा शोधतात. आघारकर मात्र वयाच्या ६२ व्या वर्षात पुण्याला आले आणि १९४६ सालीच सहकाऱ्यांसह त्यांनी ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ स्थापन केली. २ सप्टेंबर १९६० रोजी निधन होईपर्यंत तेच तिचे संचालक होते. संस्थेच्या हर्बेरियमला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्या पश्चात याच संस्थेतील वा. द. वर्तक यांनी गोव्याच्या वनस्पतींची सूची सिद्ध केली आणि माधव गाडगीळ यांच्यासह देवरायांचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. १९९२ साली संस्थेचे नाव ‘आघारकर संशोधन संस्था’ झाले.

आपल्या वऱ्हाडात आज कपाशीच्या बरोबरीने सोयाबीन दिसते. सोयाबीनच्या काही वाणांच्या नावात ‘एमएसीएस’ अशी अक्षरे असतात. ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. आघारकर गेल्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी हे वाण तयार केले. पण त्यांना उभे राहायला जागा आघारकरांनी करून ठेवली होती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण घरात ज्ञान नव्हते, असे मी म्हणणार नाही. चिवळ कधी खुडावी, तरोट्याची भाजी किती कोवळी असावी, कुंजर कोणत्या धुऱ्यावर उगवते, हे माझ्या आजीला तोंडपाठ आहे. मात्र ते कोणी कागदावर उतरवलेले नाही. घरोघरच्या अशा आज्यांबरोबर ते जाईल, आणि तणनाशकाने धुरे साफ झाल्यावर ती झाडेही जातील.

आघारकरांचे मोठेपण मला येथेच जाणवते. आपल्याला जे सापडले ते आपल्यापुरते न ठेवता, नाव-गाव-तारखेसह पुढच्यांच्या हाती देणे, हे त्यांनी जन्मभर केले. त्याला प्रयोगशाळाच लागते असे नाही. मेळघाटापासून पूर्णेच्या काठापर्यंत आपापल्या गावची झाडे, त्यांची वऱ्हाडी नावे आणि उपयोग आपण या सुट्टीत वहीत उतरवले, विज्ञान शाखेच्या मित्रांनी त्यांचे नमुने वाळवून ठेवले, तर मालवणच्या या माणसाला वऱ्हाडाने वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.