मेजर गिल : जळाले ते आणि उरले ते

माझे आजोळ भुसावळचे. तिथल्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत अजिंठ्याची चित्रे काढणारा एक साहेब पुरला आहे, असे मामा सांगत. भूतबंगल्याच्या गोष्टी ऐकाव्यात तसे आम्ही मुले ते ऐकत असू. तो साहेब म्हणजे मेजर रॉबर्ट गिल, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

गिल यांचा जन्म १८०४ सालचा, लंडनचा. विशीच्या सुमारास ते कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या शिकारी अधिकाऱ्याने शोधली असे आपण शाळेत घोकतो. खरे तर ती साहेबलोकांना तेव्हा कळली. भोवतालच्या गावकऱ्यांना ती ठाऊकच होती. भित्तिचित्रे झपाट्याने नाहीशी होत आहेत, हे पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनमध्ये कळकळीने मांडले आणि १८४४ मध्ये त्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी कंपनीने गिल यांची नेमणूक केली.

अजिंठा गावातील बारादरीत त्यांनी बिऱ्हाड केले. पलटणीतला हा माणूस पुढे जवळजवळ वीस वर्षे वटवाघळांच्या सोबतीने अंधुक उजेडात भिंती न्याहाळत राहिला. तैलरंगातील पंचवीसहून अधिक भव्य प्रती त्याने लंडनला पाठवल्या. याच गावात पारोची कबर आहे. ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेमुळे आणि नंतरच्या चित्रपटामुळे पारो घरोघरी पोचली. मला मात्र त्या कथेपेक्षा कबरीवर कोरलेले १८५६ हे साल अधिक चटका लावून गेले.

त्याच सुमारास गिल यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळी काचेला औषध लावून, ती ओली असतानाच फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावा लागे. वैशाखाच्या उन्हात हे कसे साधले असेल! शिवाय त्यांचे फोटो जोडीचे होते. एका दृश्याची दोन चित्रे दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खांब अंगावर येतात. अजिंठा, वेरूळ, लोणार त्यांनी असे टिपले. यातील ७४ छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या १८६४ च्या ग्रंथात आली. परंतु त्या काचेला रंग कळत नसे. लाल-पिवळा तर ती काळाच दाखवी. दगड कॅमेऱ्याने धरला, रंगासाठी कुंचलाच हवा होता.

आणि १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. प्रदर्शनात टांगलेल्या गिल यांच्या प्रती भस्मसात झाल्या. तिथे नव्हत्या अशा चार-पाच तेवढ्या वाचल्या.

इथे मला घरचे आठवते. आमच्या घाटकोपरच्या खोलीत आजोबांचा एकुलता एक फोटो होता. २६ जुलै २००५ च्या पुरात तो गेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. वडील अजूनही आजोबांचे वर्णन करू लागतात, नाकापर्यंत येतात आणि थांबतात. एका फोटोचे हे, मग वीस वर्षांचे काय झाले असेल?

गिल यांनी साठी उलटल्यावर पुन्हा त्याच लेण्यांत काम सुरू केले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच, पण तिच्यावर कुणी चित्रपट काढत नाही. मधल्या वीस-बावीस वर्षांत भिंतींवरचे रंग आणखी झडले होते. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास येऊ लागले. त्यांच्याही कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या.

ते पाहायला गिल उरले नव्हते. १८७९ मध्ये ते आजारी पडले, भुसावळच्या वाटेवर त्यांनी प्राण सोडला आणि तिथेच त्यांना पुरण्यात आले. त्यांची छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. या दिवाळीत मी मामांना ती कबर दाखवायला सांगणार आहे. वडीलही येतो म्हणाले आहेत.