काचेच्या नळीतली जिवंत पेशी

शीळफाट्यावरून एक रस्ता तळोज्याच्या बाजूने खारघरला जातो. कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांना तो टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या रुग्णालयामुळे माहीत झाला आहे. त्याच आवारात कर्करोगाची संशोधन संस्था आहे. ती मूळची परळची, आणि तिथल्या पेशीविज्ञानाची मांडामांड डॉ. कमल रणदिवे यांनी केली.

माहेरच्या कमल समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी. शाळा हुजूरपागा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही मानले नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिने विषय घेतला सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा. म्हणजे तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्याचा. लग्न झाले ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी, १९३९ मध्ये. मुंबईत आल्यावर टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे काम सुरू झाले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

त्या काळी कर्करोग पाहायचा म्हणजे मेलेली पेशी पाहायची. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, त्याचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप काढायचे आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. निदानाची ही पद्धत आजही उत्तम आहे. पण पेशी बिघडली कशी, हे तिथे दिसत नाही. दिसतो तो फक्त शेवट. त्यासाठी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवावी लागते. जळगावच्या केळीमुळे आपल्याला ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द ओळखीचा झाला आहे. प्राण्यांच्या पेशींचे काम त्याहून नाजूक. शरीराइतकी ऊब, रक्तद्रवाचे पोषण, आणि एखादा जंतू शिरला की सगळी मेहनत वाया.

हे तंत्र शिकायला त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये तिला न विचारता घेऊन ज्यांची ‘हेला’ ही अखंड वाढणारी वंशावळ झाली, ती प्रयोगशाळा हीच. परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुढे १९६६ ते १९७० या काळात संस्थेचे प्रभारी संचालकपदही त्यांच्याकडे होते.

त्यांचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या काही वाणांत आईच्या दुधातून पिलांत उतरणारा एक विषाणू ही गाठ निर्माण करतो. पण विषाणू एकटा पुरत नाही. संप्रेरके आणि आनुवंशिक कल यांची त्याला साथ लागते, हे नाते लवकर ओळखणाऱ्यांत रणदिवे होत्या. (वाचक मातांनी धास्ती घेऊ नये. ही गोष्ट उंदरांची आहे. माणसात असे सिद्ध झालेले नाही. उलट स्तनपानाने आईचा या कर्करोगाचा धोका कमी होतो.)

कुष्ठरोगाचे काम मात्र वेगळ्या वळणाने गेले. या रोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही जगभरची अडचण. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये रुग्णापासून मिळवलेला एक जंतू चेतापेशींच्या संवर्धनात वाढवून दाखवला. तो खरा कुष्ठजंतू नसून त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे, असे पुढे ठरले. एवढ्यावर ही कथा संपायची. पण त्याच जंतूपासून नंतर लस तयार झाली, आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. १९९८ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा रणदिवे ऐंशी वर्षांच्या होत्या.

भारतीय महिला वैज्ञानिक संघटना १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. वाशीत संघटनेचे नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर आहे. पद्मभूषण १९८२ मध्ये मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहणीत गुंतल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. खारघरचे केंद्र त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाले.