विल्यम कॅरी यांची ईश्वरनिष्ठा

ईश्वरावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळून स्वस्थ बसणे, असा समज पुष्कळांच्या मनात घर करून बसलेला आढळतो. तो कितपत खरा आहे, हे विल्यम कॅरी यांच्या चरित्रावरून पाहण्याजोगे आहे. मराठी भाषेचे व्याकरण 1805 साली व कोश 1810 साली छापून प्रसिद्ध करणाऱ्या या पुरुषाची ओळख महाराष्ट्रीय वाचकांस निराळी करून द्यावयास नकोच.

कॅरी यांचा जन्म इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात 1761 साली झाला. जोडे शिवण्याचा धंदा करीत असताच त्यांनी अनेक भाषा हस्तगत केल्या. 1793 साली ते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारार्थ सहकुटुंब बंगाल्यात उतरले. जवळचा पैसा लवकरच संपला, तेव्हा मदनाबाटी येथील नीळीच्या कारखान्यावर नोकरी पत्करावी लागली. तेथे 1794 साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर मरण पावला. स्वदेश सोडण्यास मुळातच नाखूष असलेल्या त्यांच्या पत्नी डोरोथी यांस या आघातानंतर वेड लागले व 1807 साली मृत्यूनेच त्यांची त्यातून सुटका केली. पतीच्या निष्ठेची किंमत या माउलीस द्यावी लागली, हे विसरून कॅरी यांची स्तुती करणे न्यायाचे होणार नाही. इतके सोसूनही धर्मप्रसाराच्या कामी पहिल्या सात वर्षांत एकही बंगाली मनुष्य त्यांच्या हाती लागला नाही. 1800 सालच्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराने बाप्तिस्मा घेतला, तोच पहिला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. श्रीरामपूर ही मूळची डेन्मार्कची वसाहत होती. तेथील त्यांच्या छापखान्यास 11 मार्च 1812 रोजी सायंकाळी आग लागली. कॅरी त्या वेळी अध्यापनाच्या कामासाठी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी सहकारी मार्शमन यांनी ती वार्ता नेऊन पोचविली. अनेक लिप्यांचे खिळे वितळून गेले होते, कागदाची राख झाली होती, आणि बायबलाची भाषांतरे, व्याकरणांची हस्तलिखिते व संस्कृतावर आधारलेला बहुभाषी कोश हे वर्षानुवर्षांचे श्रम एका रात्रीत नष्ट झाले होते. वयाच्या पन्नाशीत मनुष्याने खचून जावे, असाच हा प्रसंग नव्हे काय?

कॅरी यांनी देवास दोष दिला नाही, आणि नशिबास बोल लावीत ते बसलेही नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी 46व्या स्तोत्राच्या आधारे उपदेश केला. आपल्या सेवकांचे देवाने हवे ते करावे, तो त्याचा अधिकार आहे आणि तो शांतपणे मान्य करणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. नंतर लगेच काम सुरू झाले. छापयंत्रे वाचली होती, खिळ्यांचे ठसे व साचेही राखेत शाबूत सापडले. वॉर्ड या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली वितळलेला धातू वेचून त्याचेच नवे खिळे ओतण्यात आले. इंग्लंडातील लोकांनी अवघ्या काही महिन्यांत दहा हजार पौंडांच्या सुमारास वर्गणी जमवून नुकसान भरून काढले. कॅरी यांनी गेलेली पाने पुन्हा लिहावयास घेतली. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी, तर तेलुगू व्याकरण 1814 साली बाहेर पडले.

तथापि सर्वच परत मिळाले असे नाही. तो बहुभाषी कोश मात्र कधीच पुरा झाला नाही. म्हणून श्रद्धेने गेलेले सारे परत मिळते, असे आम्ही म्हणणार नाही. श्रद्धा मनुष्यास राखेकडे पाहण्याचे धैर्य देते व तीतून धातू वेचावयास लावते, एवढे मात्र खास. सती जाण्याची चाल बंद करणाऱ्या 1829 सालच्या कायद्याचे बंगाली भाषांतरही याच वृद्ध हातांनी केले. 1834 साली कॅरी निवर्तले. देवावर हवाला ठेवून सत्कार्य सोडून देणाऱ्यांनी त्यांचे चरित्र एकवार मनन करावे, इतकेच आमचे सांगणे आहे.