रुफस आयझॅक्स, लॉर्ड रीडिंग

रीडिंग हे नाव भारताच्या इतिहासात एका ज्यू माणसामुळे आले. त्यांचे नाव रुफस डॅनियल आयझॅक्स.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६० रोजी लंडनमध्ये झाला. घरचा धंदा फळांच्या व्यापाराचा होता. सोळाव्या वर्षी ते जहाजावर पोऱ्या म्हणून लागले आणि कलकत्ता पाहून आले. पुढे शेअर बाजारात ते कर्जबाजारी झाले. मग त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८८७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. १९०४ मध्ये रीडिंगकरांनी त्यांना पार्लमेंटात पाठवले. गोल्डस्मिड रोडवरचे सिनेगॉग तेव्हा चारच वर्षांचे होते. १९१३ मध्ये ते इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले ज्यू. उमराव होताना त्यांनी आपल्या मतदारसंघाचेच नाव घेतले.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारले. रशिया सर्बियाच्या बाजूने उभा राहिला, तर जर्मनी ऑस्ट्रियाच्या. जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ४ ऑगस्टला ब्रिटनही युद्धात उतरला. चारच दिवसांत पार्लमेंटाने राज्यरक्षणाचा कायदा केला. त्याखालच्या नियमांनी छापखान्यांवर बंधने आली आणि पुढे माणसांना विनाखटला डांबता येऊ लागले. १९१६ च्या आयरिश उठावानंतर आर्थर ग्रिफिथ यांच्यासारखे पुढारी याच रीतीने रीडिंगच्या तुरुंगात ठेवले गेले. त्याच उठावासाठी जर्मनीची मदत मागणाऱ्या रॉजर केसमेंट यांच्यावर मात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश लॉर्ड रीडिंग होते. केसमेंट यांना फाशी झाली.

भारतातही १९१५ मध्ये असाच कायदा आला. युद्ध संपले, तरी सरकारला ते अधिकार सोडवेनात. म्हणून १९१९ मध्ये रौलट कायदा झाला. त्याविरुद्ध देशभर हरताळ पडले आणि १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळीबार झाला.

एप्रिल १९२१ मध्ये लॉर्ड रीडिंग व्हाइसरॉय म्हणून मुंबईत उतरले. दडपशाहीचे कायदे तपासायला तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२२ मध्ये रौलट कायदा रद्द झाला; १९१० चा वृत्तपत्र कायदाही त्याच वर्षी रद्द झाला. पण त्याच मार्च महिन्यात गांधीजींना अटक होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याहून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी आणले गेले. आपल्याच समाजातील डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय. फेब्रुवारीत सरकारने गांधीजींना सोडले. मात्र ऑक्टोबरमध्ये लॉर्ड रीडिंग यांनी बंगालसाठी वटहुकूम काढला आणि विनाखटला अटक पुन्हा आली.

१९२६ मध्ये ते मायदेशी परतले आणि मार्क्वेस झाले. ३० डिसेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. रौलट कायदा गेला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि बंगालचा वटहुकूम निघाला तोही त्यांच्याच सहीने. त्यांची आठवण ठेवताना या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

शब्दार्थ
विनाखटला – न्यायालयात खटला न चालवता
वटहुकूम – कायदेमंडळाला न विचारता काढलेला तातडीचा कायदा

वर्गात बोला
संकटकाळी केलेला कायदा संकट सरल्यावर कोणी आणि कसा रद्द करावा?