लोखंडी नांगर विकणारा मास्तर

प्रोजेक्ट पूर्ण झालं, मशीन फिरायला लागलं, व्हायवा आटोपली की आपल्याला वाटतं काम संपलं. विकायचं काम एमबीएवाल्यांचं! पण एका ड्रॉइंगच्या मास्तराने मशीनही बनवलं आणि नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते विकूनही दाखवलं. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण रंगांतला फरक डोळ्यांना नीट कळेना. मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. नोकरी करतानाच मुंबईहून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा जोडधंदा 1888 साली सुरू केला. त्या काळी सायकल विकून भागत नसे. गिऱ्हाइकाला ती चालवता यायला हवी ना! म्हणून शिकवणीही ठेवली, फी पंधरा रुपये. आज आपण ज्याला आफ्टर सेल्स सर्व्हिस म्हणतो, ते हेच.

पुढे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर तयार केला.

खरी परीक्षा इथे झाली. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर उत्तम, पण घेणारा कोणी नाही. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली! ज्यांनी घेतले त्यांची तक्रार आली की विलायती नांगराच्या मानाने फाळ मऊ आहे. लक्ष्मणराव वाद घालत बसले नाहीत. फाळ कडक कसा करायचा ते शोधलं आणि माल सुधारला. गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणजे ते अजून आपल्याशी बोलतंय, हे त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात गावाच्या वाढीसाठी बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. भांडवल तोकडं, माल नवा, पायाखाली जमीन नाही. अशा वेळी त्यांनी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे शब्द टाकला. औंधला त्यांनी पूर्वी बांधकाम चोख करून दिलं होतं, त्यामुळे नव्याने ओळख सांगायची गरज नव्हती. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ मिळाला, कर्जही मिळालं. माळ कसला, नुसते निवडुंग आणि साप! पण शेजारी रेल्वे होती. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा घेऊन त्या वितळवल्या आणि नांगर ओतले. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. संपादक पुतणे शंकरराव. मालाची माहिती देणारं हे पत्रक पुढे मराठी घराघरांत वाचलं जाऊ लागलं. जाहिरात लोकांनी विकत घेऊन वाचावी, याहून मोठं मार्केटिंग कोणतं?

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले.

आपल्यापैकी काही जण उद्या हिंगण्याच्या एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप टाकतील. बर्डीवर जीन्सचा भाव पाडताना आपण सगळेच पटाईत असतो; पण आपल्याच मालाचा भाव सांगायची वेळ आली की तोंडून शब्द फुटत नाही. लक्ष्मणरावांचं आयुष्य एवढंच सांगतं की घासाघीस टेबलावर सुरू होत नाही. ती आधी केलेल्या चोख कामापासून सुरू होते. माल चांगला आहे हे आपल्याला माहीत असून भागत नाही, ते विदर्भातल्या कास्तकाराला त्याच्या वावरात पटलं पाहिजे. आणि पटेपर्यंत दोन वर्षं थांबायची तयारी हवी. आहे का?